लिसनिंगला ८ आणि रायटिंगला ६, म्हणजे माझं इंग्लिशच कच्चं आहे का?

एका वाचक मैत्रिणीचं मोठं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. तिला परदेशात मास्टर्स करायचंय, युनिव्हर्सिटीची अट आहे की आयेल्ट्स ॲकॅडेमिकमध्ये (परदेशी शिक्षणासाठी द्यावी लागणारी इंग्लिशची परीक्षा) प्रत्येक सेक्शनला किमान ७ हवेत. पहिल्यांदा फार तयारी न करताच परीक्षा दिली तेव्हा रायटिंगला ६.५ पडले, बाकीचं निघालं. मग तिने क्लास लावला, निबंधाचे साचे पाठ केले, 'हाय स्कोअरिंग' शब्दांची मोठी यादी घोकली, रोज एक निबंध लिहिला आणि दुसऱ्यांदा निकाल आला तो असा: लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ७, रायटिंग ६. ती विचारते, "ताई, जास्त अभ्यास करून मार्क कमी कसे होतात? मी मराठीतून शिकले, व्होकॅब्युलरी कमी पडते हे मला माहितीये, की हे लोक मुद्दाम कमी देतात, म्हणजे आपण परत फी भरायची? रीचेकिंगला टाकू का? पीटीई (इंग्लिशचीच दुसरी परीक्षा) देऊ का? की अजून एक क्लास लावू?" सोबत तिने सरावाचा एक निबंधही पाठवलाय.

अगं, आधी तुझी मार्कशीट नीट बघूया, कारण तू फक्त त्या सहाकडे बघत बसलीयेस. लिसनिंग ८ आणि रीडिंग ७.५ म्हणजे तुला वेगवेगळ्या उच्चारातलं इंग्लिश एकदाच ऐकून कळतं, मोठाले ॲकॅडेमिक उतारे तासाभरात वाचून त्यातलं नेमकं उत्तर शोधता येतं. ज्याची व्होकॅब्युलरी खरंच कमी पडते त्याला हे जमत नाही. आणि मराठीतून शिकल्याचं म्हणशील तर ते लिसनिंग-रीडिंगच्या वेळी कुठे आडवं आलं? तिथे नाही आलं आणि रायटिंगला मात्र तेच कारण, हे काही पटत नाही. एवढं मात्र खरं की वाचून कळणारा शब्द आणि आपल्या हातून बरोबर जागी उतरणारा शब्द यात अंतर असतं, पण ते अंतर यादी पाठ करून कमी होत नाही, उलट वाढतं, कसं ते सांगते.

दुसरं, ६.५ वरून ६ म्हणजे अर्धा बँड (आयेल्ट्समधल्या मार्कांना बँड म्हणतात). प्रश्न वेगळा, दिवस वेगळा, एखादा मुद्दा सुचला नाही, इतक्यानेही अर्धा बँड इकडचा तिकडे होऊ शकतो, त्यामुळे "मी मागे गेले" असा थेट अर्थ काढू नकोस. पण तुझा निबंध वाचल्यावर मला असंही वाटतंय की पहिल्या वेळी तू स्वतःच्या डोक्याने लिहिलं असशील आणि दुसऱ्या वेळी क्लासच्या डोक्याने.

रायटिंगचं मार्किंग कसं असतं ते आधी बघू, कारण क्लासवाले सांगतात पण घाईत. ६० मिनिटं, दोन टास्क. टास्क १ किमान १५० शब्दांचा, टास्क २ किमान २५० शब्दांचा, आणि टास्क २ ला टास्क १ च्या दुप्पट वजन. प्रत्येक टास्क चार गोष्टींवर तपासतात आणि चारींना सारखंच वजन: विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय का, मांडणी सलग आहे का, शब्दांचा वापर, आणि ग्रामर. म्हणजे शब्द हा चौथा हिस्सा. तू क्लासच्या सगळ्या काळात ताकद कुठे लावलीस? या एका चौथ्या हिश्श्यावर, आणि तीही चुकीच्या दिशेने. बाकीचे तीन तसेच राहिले.

आता तुझा निबंध. प्रश्न होता, शहराच्या मध्यभागी खासगी गाड्यांवर बंदी घालावी असं काही लोकांना वाटतं, तुम्ही कितपत सहमत आहात? तुझी सुरुवात अशी आहे: 'इन धिस कन्टेम्पररी इरा, द टॉपिक ऑफ प्रायव्हेट कार्स हॅज स्पार्क्ड अ हीटेड डिबेट. देअर आर अ प्लेथोरा ऑफ मेरिट्स ॲज वेल ॲज डीमेरिट्स. धिस एसे विल शेड लाइट ऑन बोथ द साइड्स.' तीन वाक्यं झाली आणि तू सहमत आहेस की नाही हे मला अजून कळलेलं नाही. 'प्रायव्हेट कार्स' काढून तिथे 'मोबाइल फोन्स' घाल, 'झूज' घाल, 'होमवर्क' घाल, काहीच फरक पडत नाही बघ, सुरुवात तशीच्या तशी बसते. जी सुरुवात कुठल्याही विषयाला बसते ती त्या विषयाबद्दल काहीच बोलत नसते, आणि दिवसभर असे निबंध वाचणाऱ्या माणसाला ते पहिल्या ओळीत कळतं. पाठ केलेल्या भाषेचं क्रेडिट मिळत नाही हे आयेल्ट्सवाले उघडपणे सांगतात.

पण त्याहून मोठी अडचण पुढे आहे. 'कितपत सहमत' विचारलंय आणि तू फायदे-तोटे लिहिलेस, म्हणजे साचा भलत्याच प्रकारच्या प्रश्नाचा वापरलास. आणि मजकूर बघ, गाड्यांमुळे प्रदूषण होतं, ग्लोबल वॉर्मिंग होतं, ओझोनचा थर विरळ होतो (ओझोनचं ते मुळात सीएफसी वायूंमुळे, पण असो), मग दुसऱ्या पॅराग्राफमध्ये गाडीमुळे वेळ वाचतो, फॅमिलीला आराम मिळतो. गाडी चांगली की वाईट यावर छान लिहिलंस, फक्त तो प्रश्न नव्हता. 'शहराच्या मध्यभागी' आणि 'बंदी' हे प्रश्नातले दोन सगळ्यात महत्त्वाचे शब्द तुझ्या दोन्ही मुख्य पॅराग्राफमध्ये एकदाही आले नाहीत, मी शोधले.

इथेच ६ आणि ७ मधला फरक आहे बहुतेकांचा. बँडचे निकष आयेल्ट्सच्या अधिकृत साइटवर फुकट वाचायला मिळतात, तू ते एकदा तरी उघडलेत का? बहुतेक जण उघडत नाहीत. माझ्या भाषेत सांगायचं तर ६ वाला माणूस विषयाशी संबंधित मुद्दे मांडतो पण काही मुद्दे अर्धवट सोडतो, शेवटी काय म्हणायचंय ते धूसर राहतं. ७ वाल्याची भूमिका पहिल्यापासून शेवटपर्यंत स्पष्ट असते आणि मुद्दा मांडला की तो पुढे नेतो, त्याला आधार देतो. यात कुठेही 'अवघड शब्द' नाही.

मुद्दा पुढे न्यायचा म्हणजे काय करायचं? प्रत्येक वाक्यानंतर स्वतःला विचार, "बरं, मग?" मध्यभागी गाड्यांवर बंदी घातली. मग? लांबून गाडीने कामाला येणाऱ्यांना बस किंवा ट्रेन घ्यावी लागेल. मग? बस जर अर्ध्या तासाने एक असेल तर ते रोज उशिरा पोहोचतील, किंवा मध्यभागातली नोकरीच सोडायचा विचार करतील. मग? जिथे बस-ट्रेन आधीच भरपूर आहेत तिथे बंदी चालेल, जिथे नाहीत तिथे आधी त्या आणायला हव्यात. बघ, तीन वेळा 'मग' विचारलं आणि भूमिकाही तयार झाली, 'बहुतांशी सहमत, पण एका अटीवर'. अट घालून सहमत होणं पूर्ण चालतं. तुझ्या क्लासमध्ये सांगितलं की एकच बाजू घ्या नाहीतर मार्क जातात, ते तितकंसं बरोबर नाही. बाजू कुठलीही असू दे, अर्धी असू दे, फक्त ती सुरुवातीलाच सांग आणि शेवटपर्यंत तिलाच धरून रहा. तपासणारा तुझ्या मताशी सहमत आहे की नाही याला मार्क नसतात.

आणि ते 'ॲकॉर्डिंग टू अ रीसेंट स्टडी, ८० पर्सेंट ऑफ पीपल' वगैरे मनाने रचलेले आकडे काढून टाक बाई. प्रश्नाच्या खाली स्पष्ट लिहिलेलं असतं की स्वतःच्या ज्ञानातली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. खोट्या अभ्यासापेक्षा एखाद्या नर्सची रात्रपाळी संपते तेव्हा बस बंद झालेल्या असतात, हे साधं उदाहरण जास्त पटतं आणि लिहायलाही सोपं जातं.

आता शब्दांकडे येते, कारण तुझी खरी चिंता तीच आहे. तुझं एक वाक्य आहे, 'अ प्लेथोरा ऑफ पीपल युटिलाइज व्हेइकल्स टू कम्यूट टू द अर्बन न्यूक्लियस.' अर्बन न्यूक्लियस! प्रश्नात 'सिटी सेंटर' होतं, तेच परत वापरायचं नाही म्हणून तू पर्याय शोधलास, मला कळतंय, पण इंग्लिश बोलणारं कोणी असं म्हणत नाही. याच जागी 'मेनी पीपल ड्राइव्ह इन्टू द सिटी सेंटर बिकॉज बसेस आर इन्फ्रीक्वेंट अँड अनरिलायबल' लिहिलंस तर वाक्य छोटं नाही झालं, अवघडही नाही झालं, पण त्यात कारण आलं, आणि 'इन्फ्रीक्वेंट', 'अनरिलायबल' हे दोन शब्द अगदी जागेवर बसले. शब्दांच्या निकषात जे बघतात ते हेच, की शब्द नेमका आहे का, कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द शोभतो हे तुला कळतं का. 'प्लेथोरा' लिहिलं म्हणून कोणी भुवया उंचावत नाही, उंचावल्याच तर वेगळ्या कारणाने.

म्हणून ती यादी बंद कर. त्याऐवजी, तुला रीडिंगला ७.५ आहेत ना, ते उतारे परत काढ. उत्तरं शोधायला नाही, जोड्या उचलायला. 'ईझ कंजेशन', 'रिलाय हेविली ऑन', 'पोज अ रिस्क', 'कम ॲट अ कॉस्ट' असे दोन-तीन शब्दांचे तुकडे, आणि कुठल्या संदर्भात आले ते पूर्ण वाक्यासकट लिहून ठेव. उताऱ्याला पाच-सहा पुरे. मग पुढच्या निबंधात त्यातला एखादा आपोआप बसला तर बसू दे, कोंबू नकोस.

कनेक्टर्सचंही तेच. तुझ्या निबंधात मोरओव्हर, फरदरमोर, इन ॲडिशन टू धिस, लास्ट बट नॉट द लीस्ट, जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी एकेक उभा आहे. मुद्दे एकमेकांतून निघालेले नसले की असे शब्द लावून ते ओढून जोडावे लागतात. 'मग?' विचारत लिहिलंस तर निम्मे आपोआप गळून पडतील, 'धिस', 'सच अ बॅन', 'दीज कम्यूटर्स' अशा साध्या शब्दांनी आधीचं वाक्य पुढच्याला जोडलं जातं. ६ च्या निकषात 'यांत्रिक' जोडणीचा उल्लेख आहेच, जाऊन बघ.

ग्रामर. इथे मात्र काम आहे, पण तुला वाटतंय तितकं नाही. ७ साठी बिनचुकीची वाक्यं वारंवार दिसायला हवीत, म्हणजे सगळीच्या सगळी बिनचूक असं नाही, पण बऱ्यापैकी. तुझ्या निबंधातल्या चुका मी मोजत बसले नाही, पण प्रकार बघितले तर तेच तेच आहेत. एक, 'द' कुठे लागतं आणि कुठे नाही, जे मराठीभाषकांना कायम छळतं कारण आपल्याकडे असलं काही नाहीच. दोन, 'वन ऑफ द मेन रीझन' मध्ये शेवटचा 'एस' गेलाय, तीनदा. तीन, 'डिस्कस अबाउट', 'डिस्पाइट ऑफ'. चार, कॉमा टाकून वाक्यामागून वाक्य जोडत जाणं, जे मी आत्ता इथे खुशाल करतेय कारण आपण गप्पा मारतोय, तिथे मात्र चूक धरतात. एवढंच. हे चार प्रकार एका कागदावर लिही आणि निबंध संपल्यावर शेवटची चार मिनिटं फक्त हेच शोध. 'सगळं परत वाचून बघते' म्हटलं की काहीच सापडत नाही, आपण आपलंच वाचून खूश होतो. आधी फक्त 'वन ऑफ' शोध, मग फक्त क्रियापदं, एकवचनाला 'एस' लागलाय का, असं. आणि जे कोणी हे वाचतायत त्यांनी माझी यादी उचलू नका, तुमच्या चुका वेगळ्या असतील, स्वतःचे चार-पाच निबंध समोर ठेवून लाल पेनाने आपली यादी काढा.

रोज एक निबंध लिहिण्याबद्दल. तू मेहनत केलीस हे दिसतंय, पण रोज नवा विषय, नवा निबंध, कालचा बंद, याने सवय पक्की होते, चांगली असो की वाईट. तुझी 'इन धिस कन्टेम्पररी इरा' ची सवय अशीच पक्की झालीये. माझं मत असं की कमी विषय घे, पण एकच निबंध तीनदा लिही. पहिल्यांदा वेळ लावून, ४० मिनिटांत, जसा येईल तसा. दोन दिवस तो बघूच नकोस. मग कोणी दुसऱ्याने लिहिलाय असं समजून वाच आणि जिथे तुला "म्हणजे नक्की काय?" असं वाटेल तिथे खूण कर. मग वेळेचं बंधन न ठेवता परत लिही, हवी तर डिक्शनरी घे, एका पॅराग्राफला अर्धा तास लागला तरी लागू दे. आणि आठवड्याने तोच प्रश्न परत वेळ लावून, आधीचं न बघता. तिसरा आणि पहिला शेजारी ठेवून बघितलेस की काय सुधारलं आणि काय नाही ते कोणी सांगायची गरजच उरत नाही. कंटाळवाणं आहे, मान्य. नवीन निबंध लिहिला की काहीतरी केल्यासारखं वाटतं, जुना परत लिहिताना आपल्याच चुका बघाव्या लागतात.

आणि ते "इंग्लिशमध्येच विचार करा" हे जे सगळे सांगतात ना, निबंधाचे मुद्दे काढताना ते विसर. पहिली पाच-सात मिनिटं मुद्दे ठरवायचे, ते मराठीत सुचले तर मराठीत सुचू दे, कच्च्या कागदावर मराठीत खरडलंस तरी कोणी विचारणार नाही. तुझं मत, तुझी कारणं मराठीत जास्त धारदार असतील. वाक्य लिहायला घेशील तेव्हा मात्र मराठी वाक्य तयार करून त्याचं इंग्लिश करू नकोस, मुद्दा डोक्यात ठेव आणि तुला जे इंग्लिश वाक्य नक्की बरोबर येतं त्यात तो बसव. मुद्दे सुचतच नाहीत ही तक्रारही बरेच जण करतात, त्यांनी निबंध न लिहिता रोज दहा मिनिटं फक्त दोन प्रश्नांचे आराखडे करावेत, भूमिका एका ओळीत आणि प्रत्येक मुद्द्याला तीन 'मग'. महिनाभरात विषय परत परत तेच येतात हे लक्षात येतं: शिक्षण, पर्यावरण, काम, टेक्नॉलॉजी, आरोग्य, सरकारने पैसा कशावर खर्च करावा, बस.

तपासून कोण देणार? चॅटबॉटकडून तपासून घेतेस असं तू लिहिलंयस, तो तुला ७.५ देतो म्हणतेस. तो बँड मनावर घेऊ नकोस, तेच लिखाण परत दिलंस तर वेगळा आकडा देईल, आणि कौतुकात तर तो जरा सढळच असतो. त्याचा उपयोग वेगळा कर. "हे सुधारून दे" म्हणू नकोस, कारण मग तो त्याचा निबंध लिहितो आणि तू तो वाचून "हो हो, मला हेच म्हणायचं होतं" म्हणतेस. "फक्त ग्रामरच्या चुकांखाली खूण कर, दुरुस्त करू नकोस" असं सांग आणि दुरुस्ती तू कर. किंवा "या निबंधावरून लेखकाचं मत एका वाक्यात सांग" असं विचार, त्याने भलतंच सांगितलं तर दोष तुझ्या लिखाणात आहे की त्याच्या वाचण्यात हे ठरवायला प्रश्नाशी ताडून बघ. हेच काम एखादी मैत्रीण पण करू शकते, तिला आयेल्ट्सचं काही माहीत नसलं तरी चालेल, उलट बरंच.

क्लास परत लावू का? तोच प्रकारचा असेल तर नको. शंभर जणांना एक साचा देणाऱ्या क्लासकडून तुला आता नवीन काही मिळणार नाही. पैसे घालायचेच असतील तर तुझेच चार निबंध ओळीने वाचून लेखी शेरे देणारा कोणीतरी अनुभवी शिक्षक शोध. आणि "गॅरंटीड ७ टेम्प्लेट" विकणाऱ्यांपासून लांब रहा.

टास्क १ बद्दल तू काहीच विचारलं नाहीस, म्हणून थोडंच सांगते. आलेख किंवा तक्त्यातलं एकंदर चित्र काय आहे, काय वाढलं, काय घटलं, कोण कायम वर राहिलं, ते दोन वाक्यांत वेगळं लिहायचंच, ७ साठी ते स्पष्ट दिसावं लागतं. प्रत्येक आकडा लिहायचा नाही, तुलना करायची, आणि आकडे असे का झाले याची कारणं आपल्या मनाने द्यायची नाहीत. २० मिनिटांच्या वर त्यात अडकायचं नाही. काही जण टास्क २ आधी लिहितात, चालतं, तुला जे जमेल ते कर. जनरल ट्रेनिंग (आयेल्ट्सचा दुसरा प्रकार) देणाऱ्यांना इथे आलेखाऐवजी पत्र असतं, त्यात दिलेले तिन्ही मुद्दे घ्यायचे आणि मित्राला लिहितोय की मॅनेजरला ते सूर बघूनच कळायला हवं.

लांबी. तुझा निबंध जवळपास ४०० शब्दांचा आहे. जास्तीच्या शब्दांना जास्तीचे मार्क नाहीत, चुका करायला जागा मात्र जास्त मिळते. २६० ते २९० मध्ये चांगला निबंध होतो. कम्प्युटरवर परीक्षा देशील तर शब्दसंख्या स्क्रीनवर दिसते, पण स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही, त्यामुळे घरी सराव करताना ऑटोकरेक्ट बंद असलेल्या साध्या नोटपॅडमध्ये कर, आणि फोनवर तर करूच नकोस. ब्रिटिश स्पेलिंग की अमेरिकन याची काळजी नको, दोन्ही चालतात, फक्त एकच धर.

आता तुझे बाकीचे प्रश्न. मुद्दाम कमी देतात का? तपासणाऱ्याला तू कोण, कितव्यांदा बसलीयेस, हे माहीत नसतं, आणि तुझ्या फीने त्याचं काही बनत-बिघडत नाही. निकाल वाईट लागला की असं वाटतं, पण हे डोक्यात राहिलं ना की माणूस आपलं लिखाण बघायचंच सोडून देतो.

रीचेकिंग परीक्षेच्या तारखेपासून ६ आठवड्यांच्या आत टाकता येतं, फक्त रायटिंगपुरतंही टाकता येतं, आणि बँड बदलला तर त्याची फी परत मिळते. तुला ६.५ असते आणि सरावात नेहमी ७ च्या आसपास असतीस तर मी म्हटलं असतं टाक. पण ६ चे ७ व्हायला पूर्ण एक बँड वर जावा लागेल, आणि तू पाठवलेला निबंध बघता मला ती आशा वाटत नाही. त्या पैशात शिक्षकाकडून निबंध तपासून घे.

वन स्किल रीटेक बघितलंस का? कम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर एकच सेक्शन परत देता येतो, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत आणि एकदाच. सगळ्या देशांत, सगळ्या सेंटर्सवर ही सोय नाही, आणि सगळ्या युनिव्हर्सिटीज तो निकाल धरत नाहीत, त्यामुळे आधी ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घे. तुझं बाकीचं सगळं ७ किंवा वर आहे, म्हणजे ही सोय तुझ्यासारख्यांसाठीच आहे, पण ६० दिवसांत लिखाण बदललं नाही तर ती घाईत वाया घालवू नकोस.

पीटीई देऊन बघायला हरकत नाही, तिथे निबंध २० मिनिटांत २०० ते ३०० शब्दांचा असतो, शिवाय एका उताऱ्याचा सारांश एकाच वाक्यात, ७५ शब्दांच्या आत लिहायचा असतो, आणि तपासणी मुख्यतः मशीन करतं. काहींना ते मानवतं. पण युनिव्हर्सिटी स्वीकारते का ते आधी बघ, आणि तिथल्या स्पीकिंगची सवय व्हायला वेगळा वेळ लागेल हेही धर. टोफेल या तिसऱ्या परीक्षेचा विचार करणाऱ्यांनी जुनी पुस्तकं घेऊ नका, २०२३ मध्येच त्यांनी ३० मिनिटांचा जुना निबंध काढून टाकला आणि त्यानंतरही स्वरूप बदलत आलंय. परीक्षा कुठलीही असली तरी प्रश्न वाचून त्याच प्रश्नाचं उत्तर देणं काही चुकत नाही, म्हणून माझा कल तुला ओळखीच्या परीक्षेतच ठेवण्याकडे आहे.

एक गोष्ट बाकीच्या वाचकांसाठी, ज्यांना रीडिंग-लिसनिंगलाही ५.५ च्या आसपास पडतायत त्यांच्यासाठी वरचं सगळं अर्धंच लागू आहे. तुम्हाला आधी भरपूर वाचायला आणि ऐकायला लागेल, काही महिने. नुसतं रायटिंग धरून बसलात तर वैतागाल.

तारीख आत्ताच बुक करू नकोस. पुढचे दोन-तीन आठवडे एवढंच कर: गाड्यांच्या बंदीचा तोच प्रश्न आणि अजून दोन, प्रत्येक तीनदा, वर सांगितलं तसे. तिसऱ्या वेळी, वेळ लावून लिहिलेल्या निबंधांमध्ये पहिल्या पॅराग्राफमध्ये तुझं मत दिसत असेल आणि तुझ्या त्या चार चुकांपैकी दोन तरी गेल्या असतील, तर मग रीटेकच्या ६० दिवसांतले किती उरलेत ते बघून तारीख घे. आणि युनिव्हर्सिटीला तो ईमेल मात्र आजच टाक, त्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो.